ऐकणारी

सांगलीत त्रिशला मगदूमला लोक दोन नात्यांनी ओळखत. एक, मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्याची, जिनेश मगदूमची बायको. आणि दुसरं, कधीकाळी जिच्या गोष्टी दिवाळी अंकांत यायच्या ती. 'कधीकाळी' हा शब्द तिनं स्वतःच जोडला होता. दोन कथासंग्रह निघाले, एकाला बक्षीस मिळालं, हार-तुरे झाले, आणि मग उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कुणाच्या लक्षात न येता खाली जातं तसं सगळं खाली गेलं. काही घडलं असंही नाही. घरात आजारपण नव्हतं, भांडण नव्हतं. सकाळी ती टेबलाशी बसे आणि तशीच उठे. पुढं पुढं बसणंही सुटलं.

कुणी विचारलं तर ती हसून म्हणे, "सुटले बाई एकदाची!" पण भाजी निवडताना मध्येच तिचे हात थांबत. मान किंचित तिरकी करून ती कशाचा तरी कानोसा घेई, आणि मग पुन्हा भाजी निवडायला लागे. जिनेशच्या ते नजरेतून सुटत नसे. तो काही बोलत मात्र नसे.

तिचा आवाज चांगला होता. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती इतरांची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या होत्या आणि खिडकीवर हळदीच्या रिकाम्या गोण्या ठोकल्या होत्या, बाहेरच्या रिक्षांचा आवाज आत येऊ नये म्हणून. त्या खोलीत बोललेल्या शब्दालासुद्धा हळदीचा वास येतो, अशी जिनेश चेष्टा करी.

त्या वर्षी गुढीपाडवा झाल्यावर कंपनीनं तिच्याकडं वेगळं काम दिलं. खेड्यापाड्यांत तोंडी गोष्टी सांगणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्यात, त्यांचे आवाज टिपून आणायचे. आटपाडीच्या एका ओळखीच्या बाईंनी अंजना खांडेकरचं नाव सांगितलं. म्हसवडच्या अलीकडं, माणगंगेच्या कोरड्या पात्रापासून जवळच तिची वस्ती होती. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. आता मेंढरं थोडी उरली होती, थोडी ज्वारी होती, आणि मुलगा रविराज तिकडं तामिळनाडूत सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला होता. घरी अंजना आणि तिची सून राणी, दोघीच.

त्रिशला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. उजाड माळ, मधूनच डाळिंबाच्या बागांवर टाकलेल्या पांढऱ्या जाळ्या, आणि घरापुढं एक भलंमोठं कडुलिंबाचं झाड. अंजना त्याच्या बुंध्याशी पाय पसरून बसली होती. कपाळावर गोंदण, चेहरा उन्हानं रापलेला, आणि डोळे मात्र आत्ताच झोपेतून उठलेल्या पोरासारखे ओले-ताजे. त्रिशलानं तिच्या पदराला छोटा माईक लावला. अंजनानं तो हातात धरून बघितला आणि विचारलं,

"हुंकार कोन देनार?"

त्रिशलाला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. गोष्ट सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं, म्हणजे ऐकणारा जागा आहे हे सांगणाऱ्याला कळतं. तिच्या आजोळीही असंच चालायचं.

"मावशी, मी हं म्हटलं तर तेही ह्यात उतरेल. मी नुसती मान हलवते."

"मान हलवून काय हुतंय? गोष्टीला काय डोळं असत्यात व्हय?" अंजना म्हणाली. मग तिनं मान वळवून कडुलिंबाच्या पलीकडं, माळाकडं बघितलं. तिकडं कुणी नव्हतं. "बरं. तुमी गप ऱ्हावा. चालंल."

कंपनीनं एक ठरलेला प्रश्न आधी विचारायला सांगितला होता. त्रिशलानं तो विचारला. "मावशी, तुम्ही गोष्टी का सांगता?"

"का म्हंजे?" अंजना हसली. बराच वेळ तिनं बोटांनी माती सारखी केली. "आवं, त्यो ऐकतोय म्हनून. आपून गप बसलो तर त्यो तितंच बसून ऱ्हातो. पुढचं काय, पुढचं काय करत. कुनाला असं ताटकळत ठेवावं का?"

"तो म्हणजे कोण?"

अंजनानं ते ऐकलंच नसावं. ती गोष्टीत शिरली होती.

उंबरा ओलांडला की जिची सावली घरातच राहायची अशा एका सुनेची ती गोष्ट होती. त्रिशलानं तशी गोष्ट कधी ऐकली नव्हती. अंजना एक वाक्य सांगे आणि थांबे. थांबणं मोजून-मापून, एका हुंकाराएवढं. मग समाधानानं बारीक मान हलवून पुढं जाई. जन्माची सवय, त्रिशलाला वाटलं. वर पानं हलत होती, लांब कुठंतरी मेंढरं ओरडत होती. राणी घागर घेऊन पाण्याच्या टँकरकडं गेली होती. गोष्ट संपली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या, आणि आपण कुठं बसलोय हे त्रिशलाला आठवून आठवून बघावं लागलं.

"आज लय हलकं वाटतंय गं," अंजना म्हणाली आणि कडुलिंबाला टेकून तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून त्रिशला ते ऐकायला बसली. सुरुवातीचा वारा तिनं कापून टाकला. मग अंजनाचं पहिलं वाक्य आलं, मग थांबणं आलं.

आणि त्या जागेत कुणीतरी म्हणालं, "हं."

तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. आवाज अगदी माईकजवळचा होता, तोंड मिटून काढलेला, आणि बाईचा. प्रत्येक वाक्यानंतर होता. अंजना स्वतःच घशातल्या घशात म्हणत असेल, असं तिनं धरलं. सवयच ती. पण पुढं एका ठिकाणी अंजनानं घाईनं वाक्य सुरू केलं होतं, आणि मागचा हुंकार त्या शब्दांवर चढला होता. दोन आवाज एकाच वेळी. एका गळ्यातून तसं निघत नाही. राणी टँकरवर होती. आपण स्वतः? तिनं आठवून बघितलं. ती तोंड मिटून बसली होती, एवढं नक्की.

तिनं जिनेशला हाक मारली. तो हात पुसत आला, हेडफोन लावून थोडा वेळ ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"कोण म्हातारा आहे गं हा? किती छान ऐकतोय."

"म्हातारा?"

"मग? म्हातारा माणूसच आहे की." त्यानं हेडफोन काढून ठेवले. "आमचे आजोबा असे ऐकायचे."

तिनं वाद घातला नाही. ध्वनिमुद्रण तसंच पुण्याला पाठवून दिलं. तिकडून उत्तर आलं, फारच स्वच्छ झालंय, बाहेरचा एकही आवाज नाही, असंच आणखी पाठवा.

पुढच्या आठवड्यात ती कुणाचंतरी प्रवासवर्णन वाचत होती. एक प्रकरण संपलं, तिनं यंत्र बंद केलं, पाणी प्यायली. हेडफोन कानांवरच राहिले होते. आणि काही ध्यानीमनी नसताना तिच्या तोंडून एक वाक्य निघालं.

"हरिपूरच्या पेवात एक बाई उतरली."

"हं," हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं.

ती दचकली नाही. नंतर जिनेशला सांगताना तिला ह्याचंच नवल वाटलं. मान तिरकी करून ती ज्याचा कानोसा घेत होती ते इतक्या वर्षांनी आल्यासारखं वाटलं, एवढंच. तिनं दुसरं वाक्य म्हटलं. पुन्हा "हं." तिसरं वाक्य म्हणता म्हणता तिनं कागद ओढला.

सांगलीलगतच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं असत. जमिनीत खणलेले खड्डे, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. आता बरीचशी बुजलीत. त्रिशलाच्या गोष्टीतली बाई रिकामं पेव झाडायला दोराला धरून खाली उतरते. खाली पिवळा धुरळा असतो आणि गारवा असतो. आणि तिला कळतं की वर बाजारात, रस्त्यावर, घाटावर माणसं जे जे बोलली ते सगळं मातीतून झिरपत खाली आलंय आणि इथं साठून राहिलंय. ती एकेक बोलणं हातात घेते, झाडते, लावून ठेवते. वरून दोर हलतो. ती म्हणते, आले, एवढं आवरून आले.

असे दिवस त्रिशलाच्या आयुष्यात पूर्वीही कधी आले नव्हते. सकाळी बसली की दिवस मावळायच्या आधी जेवायला जिनेश हाक मारी तेव्हाच ती उठे. मधल्या वेळात ती कुठं असे हे तिचं तिलाच कळत नसे. बोटांना गारवा लागे. कधी वाक्य जमलं नाही तर हेडफोनमध्ये शांतता राही. ते बदलून लिहिलं की हळूच "हं" येई. खोटं एक अक्षर तिथं चालत नव्हतं. तिनं लिहिलेली पानं जिनेशनं वाचली आणि चष्मा काढला.

"हे तू लिहिलंस?"

"मग कोणी?"

त्यानं पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

वैशाख लागला होता तेव्हा राणीचा फोन आला.

"ताई, आत्तीला काय ऐकवून गेलाय का हो तुमी?"

राणी सासूला आत्ती म्हणायची. त्रिशलानं विचारलं, "का गं? काय झालं?"

"बोलायची बंद झालीया. तुमी येऊन गेल्यावर आट-धा दिवस चांगली हुती. मग एक दिस लिंबाखाली बसली ती बसलीच. सकाळी बसती, दिस मावळाय आला की उठती. समोर कुनी न्हाई, आन् नुसतं हं म्हनती. थांबती, परत हं म्हनती. भरवलं तर खाती. माझ्याकडं बगत बी न्हाई."

त्रिशलाचा हात टेबलावरच्या कागदांवर होता. तिनं तो काढून घेतला.

"आनि ताई," राणीचा आवाज बारीक झाला, "आंगुळीचं पानी पिवळं निगतंया. कावीळ म्हनून दवाखान्यात नेली. रगत तपासलं. न्हाई म्हनले कावीळ. मग ह्ये काय हाय?"

पेवाची गोष्ट तोवर जिनेशखेरीज कुणीही वाचली नव्हती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्रिशलानं मागच्या खोलीचं दार उघडलं नाही. कपाटं आवरली, लोणच्याच्या बरण्या पुसल्या. मनात वाक्यं येत होती, ती तिनं दाबून टाकली. संध्याकाळी पुन्हा राणीचा फोन. अंजना सकाळपासून उठून माळावर भटकत होती. भर उन्हात, अनवाणी. दिसेल त्या माणसाचा हात धरून विचारत होती, "मग? मग?" कुणी काही सांगत नाही म्हटल्यावर नदीच्या पात्रात उतरली आणि दगडांवर पडली. कपाळ फुटलं होतं.

त्रिशला दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेली.

कडुलिंबाखाली अंजना बसली होती. कपाळाला पट्टी होती. गालफडं आत गेली होती. त्रिशला समोर बसली तरी नजर तिच्यातून पलीकडं गेली. जवळ गेल्यावर वास आला. कच्च्या हळदीचा, मातीसकट.

"मावशी."

काहीच नाही.

मनात, नुसतं मनात, त्रिशलानं पुढचं वाक्य जुळवलं. *बाईनं एक बोलणं उचललं, ते लहान मुलाचं होतं.*

"हं," अंजना म्हणाली.

त्रिशलानं दुसरं वाक्य अर्ध्यात आणून सोडलं. *त्या बोलण्यात मुलानं आईला विचारलं होतं की...*

अंजनाचा श्वास थांबला. मान पुढं आली, गळ्याच्या शिरा ताणल्या. डोळ्यांत धाप लागलेल्या माणसाची तगमग होती.

"मग?" ती कसंबसं म्हणाली. "मग?"

त्रिशलानं घाईघाईनं वाक्य पुरं केलं. अंजना सैल झाली.

राणी दारात उभी राहून सगळं बघत होती. ती जवळ आली आणि त्रिशलाच्या शेजारी उकिडवी बसली.

"तुमी काय बोलला बी न्हाईसा, आन् ती हं म्हनली," ती म्हणाली. त्यात आरोप नव्हता. नुसतं बघितलेलं सांगितल्यासारखं. "तुमचंच काय तरी हाय न्हवं, ताई?"

"गोष्ट आहे. लिहितेय मी."

"मग संपवा की ती."

"ती अजून संपत नाही गं."

राणी आणखी जवळ सरकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या सासूला तितनं वर काढा, ताई. लय दिस झालं, ती खालीच हाय."

खाली, वर. त्रिशलानं तिला पेवातलं काहीच सांगितलं नव्हतं. पण विचारायचा धीर झाला नाही.

आणि गोष्ट संपत नाही, हेही खरं नव्हतं. शेवट तिला बरेच दिवस ठाऊक होता. बाई दोर धरून वर येते. एका बैठकीचं काम. पण प्रत्येक सकाळी ती पेवात आणखी एक कोपरा काढत होती, आणखी थोडी बोलणी लावत होती, कारण एकदा बाई वर आली की मागच्या खोलीत पुन्हा ती जुनी शांतता येणार हे तिला दिसत होतं. घरी परतल्यावरही तिनं तेच केलं. आज शेवट लिहायचा म्हणून बसली आणि पेवाच्या तळाशी तिला आणखी एक, त्याहून खोल पेव सापडलं. तिनं आजवर लिहिलेल्या सगळ्यात चांगली पानं तिथं लिहून झाली. लिहिताना तिला माहीत होतं की तिकडं माळावर एक म्हातारी मान पुढं काढून बसलीय आणि प्रत्येक वाक्यासरशी आणखी खाली उतरतेय. तरी हात थांबला नाही. मग हात थांबेनाच.

शेवटी तिनं सगळं जिनेशला सांगितलं. जेवणं झाली होती, खिडकीत अजून उजेड होता. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही, खोटं-खरं विचारलं नाही.

"जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारी माणसं आपण, त्रिशला," तो म्हणाला.

"अहो, ही सुटली तर परत यायची नाही."

"कोण? ती बाई?"

गोष्ट, असं तिला म्हणायचं होतं, आणि ते त्याला कळलं होतं. त्यानं ताटं उचलली आणि आत गेला. रात्रभर तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

सकाळी ती म्हसवडच्या एसटीत बसली. कागद बरोबर घेतले नाहीत.

अंजना आता कडुलिंबाला टेकूनही बसू शकत नव्हती. राणीनं तिला मागून धरलं होतं. ओठ सुकले होते, नखांच्या कडा पिवळ्या दिसत होत्या. दुपारचं ऊन माळावर थिजलं होतं. एक पान हलत नव्हतं.

त्रिशला समोर मांडी घालून बसली. ह्या वेळी तिनं मोठ्यानं, तोंडानं सांगायला सुरुवात केली.

"पेवातल्या बाईनं शेवटचं बोलणं जागेवर ठेवलं."

"हं," अंजना म्हणाली. आवाज खूप खालून आला.

"वरून दोर हलला. वर तिचं माणूस उभं होतं. ते किती दिवस तिथं उभं होतं, हे तिला पहिल्यांदा कळलं."

"हं."

"तिनं मागं बघितलं. एवढं सगळं लावलेलं, झाडलेलं. कुणी ऐकायला नाही म्हणून कशी टाकून जाऊ, असं तिला वाटलं."

"हं."

आणि लगेच, झाडाच्या पलीकडून, आणखी एक. "हं."

राणीनं मान वळवली. तिनंही ऐकलं होतं. माळ रिकामा होता. बुंध्यामागं गवताची काडीसुद्धा हलली नाही.

इथं थांबता आलं असतं. इथून आणखी एक वाट फुटत होती, ती त्रिशलाला स्वच्छ दिसत होती. खालच्या पेवाच्या खाली.

अंजनाची मान पुढं येऊ लागली.

"तिनं दोर धरला," त्रिशला म्हणाली.

"हं."

"खालची बोलणी सगळी एकदम बोलायला लागली. तिनं कान दिला नाही."

"हं."

"उजेड दिसला."

"हं."

"आणि ती वर आली."

हुंकार आला नाही.

अंजनानं श्वास घेतला. इतका लांब की राणी घाबरून तिचं तोंड बघायला लागली. मग म्हातारीनं आपले हात डोळ्यांपुढं धरून उलटसुलट करून पाहिले, माती झटकावी तसे एकमेकांवर झटकले, आणि म्हणाली,

"राने, पानी आन गं. घसा कोरडा पडलाय."

राणीला रडू फुटलं. अंजना तिच्यावरच खेकसली, "मेलं का कोन, रडाय?" मग तिचं लक्ष त्रिशलाकडं गेलं. "आवं, तुमी कवा आलासा? चा घेतला का न्हाई?"

ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. भाकरी मागून घेतली, चटणी तिखट झाली म्हणून कुरकुरली. मधल्या दिवसांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. कपाळाच्या पट्टीला हात लावून तिनं विचारलं, हे कवा लागलं. राणी एका डोळ्यानं हसत, एका डोळ्यानं रडत तिला वाढत होती. त्रिशलाला गेल्या कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं एवढं मोकळं वाटलं.

निघताना ती सहज म्हणाली, "मावशी, पुन्हा येईन मी गोष्ट ऐकायला. त्या सावलीवाल्या सुनेची."

"कंची सून?"

"तुम्हीच सांगितली होती की."

"गोष्ट?" अंजना खरोखरच गोंधळली. तिनं राणीकडं बघितलं. "मला कुटं येती गोष्ट-बिष्ट? आमच्या घरात कुनाला बी येत न्हाई. दुसरं कुनीतरी असंल बाई."

राणीचा हात भाकरीच्या टोपल्यातच राहिला.

अंजना मात्र प्रसन्न होती. कडुलिंबाकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

सांगलीला जाणारी दुपारची एसटी भरलेली होती. त्रिशलाला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक जाडजूड बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली. लेक बाळंत झालीय विट्याला, डिंकाचे लाडू घेऊन चाललेय, म्हणाली. पुढं तासगावच्या कॉलेजातली एक मुलगी मोबाईल बघत होती. कंडक्टर तिकिटं देत मागं सरकला. दिघंची मागं पडली. गरम वारा तोंडावर येत होता आणि त्रिशलानं डोकं टेकून डोळे मिटले. आता काही लिहायचं नव्हतं. मान तिरकी करायची नव्हती.

मग घाटाखालच्या एका झऱ्याचं पाणी तिच्या जिभेला लागलं. लोखंडासारखी चव. ती त्या झऱ्यावर कधी गेली नव्हती. पण मेंढरं पाण्याला तोंड लावायच्या आधी कुठल्या दगडावर पाय ठेवून वाकायचं, हे तिला ठाऊक होतं. एका काळ्या कुत्र्याचं नाव ठाऊक होतं. पावसात मेंढी अडली तर हात कसा घालायचा, लांबच्या वाटेवर लेकरू पाठीवर झोपलं की कुठली ओळ म्हणायची, सावली घरात राहिलेली सून पुढं कुठं गेली, तिच्या आधीची, तिच्या आधीची, त्याही आधीची. एकामागून एक. तिला कुणाच्या हुंकाराची गरज नव्हती. कशाचीच नव्हती. नुसतं एक वाक्य धरायचं आणि त्यामागून दुसरं येत होतं, डोंगरावरून कळप उतरतो तसं, धुरळा उडवत, ऊबदार, न संपणारं. इतकं सुख तिनं कधी अनुभवलं नव्हतं.

कधीतरी वारा गार झाला. नदीचा वास आला.

तिनं डोळे उघडले. एसटी सांगलीच्या स्टँडात उभी होती. बाहेर दिवे नुकतेच लागले होते. इंजिन बंद होतं. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, पण गाडीत आवाज नव्हता.

तिचा घसा जळत होता. दिवसभर बोलल्यावर जळतो तसा.

कुणीच उतरत नव्हतं. शेजारच्या बाईच्या मांडीवर लाडवांची पिशवी तशीच होती. विटं केव्हाच मागं पडलं होतं. तासगावची मुलगी सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून बसली होती, आणि हातातला मोबाईल विझला होता. कंडक्टर दांड्याला धरून उभा होता. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, ओठ थोडे विलग, माना किंचित पुढं.

त्यांच्या डोक्यांवरून तिनं पुढं पाहिलं.

ड्रायव्हर स्टिअरिंगकडं पाठ करून, तिच्याकडं तोंड करून बसला होता. कधीपासून, ते तिला कळलं नाही.